राष्ट्रीय रग्बी संघाची दुसरी फळी कशी जोखावी: नव्या प्रेक्षकांसाठी पायरीपायरीने

क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला दुसऱ्या फळीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या गाबावर बुमराह, अश्विन, जडेजा, शमी यांच्यापैकी कोणी नसताना अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली भारत जिंकला. पालघरचा शार्दूल ठाकूर आणि पदार्पण करणारा वॉशिंग्टन सुंदर यांनी सातव्या विकेटसाठी १२३ धावा जोडल्या होत्या. गोलंदाज म्हणून घेतलेल्या दोघांनी फलंदाजीत सामना वाचवला.

रग्बीत असं सहसा होत नाही. विंगर (कडेने धावणारा वेगवान खेळाडू) कितीही चपळ असला तरी त्याला स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण खांदे भिडवून चेंडूसाठी रेटतात त्या झुंजीच्या, पहिल्या रांगेत उभं करता येत नाही, नियमच आड येतात. जागा बंदिस्त असतात आणि प्रत्येक जागेचं शरीर आणि कसब वेगळं असतं. म्हणून ‘या संघाकडे चाळीस चांगले खेळाडू आहेत’ या वाक्यातून फारसं काही कळत नाही. चाळिसातले बारा विंगर आणि सेंटर असतील आणि टाइटहेड प्रॉप (स्क्रमच्या पहिल्या रांगेतला तीन नंबरचा खेळाडू) एकच असेल, तर तो संघ एका दुखापतीवर कोलमडू शकतो.

कोणत्या जागेला कोण आणि त्याच्यामागे कोण, हे मांडणारे तक्ते मी बरीच वर्षं दर हंगामात बनवतो आहे. सगळ्या पद्धती करून झाल्यावर एकच सूत्र हाती राहिलं: संघाची खोली (प्रत्येक जागेमागे उभी असलेली राखीव ताकद) सरासरीने मोजायची नाही, सर्वांत उथळ जागेने मोजायची. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या उथळ जागा शोधण्यासाठी आहेत.

एक खुलासा आधीच करतो. हे सगळं पंधरा जणांच्या रग्बी युनियनबद्दल आहे. २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात झालेली रग्बी प्रीमियर लीग सात-सात जणांची होती. त्या प्रकारात स्क्रम तिघांचा असतो आणि जागांचं गणित पूर्ण वेगळं असतं.

काय काय जवळ हवं

- स्प्रेडशीट किंवा मोठी आखीव वही. वहीला पेन्सिल वापरा, खोडाखोड भरपूर होते.
- निवडलेल्या संघाच्या गेल्या दोन वर्षांतल्या कसोटींच्या (देशादेशांमधल्या सामन्यांच्या) २३ जणांच्या याद्या. त्यांत कोण कितव्या मिनिटाला आत आलं, कोण बाहेर गेलं हे हवंच. नुसती नावं असलेली यादी अर्धवट समजा.
- ताजी संघनिवड आणि दुखापतींची बातमी, दोन्हींवर तारीख घातलेली.
- प्रत्येक खेळाडू क्लबकडून कोणत्या क्रमांकावर खेळतो याची नोंद.
- किमान चार-पाच पूर्ण सामन्यांचं चित्रण. क्षणचित्रांत ट्राय (चेंडू समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) दिसतात, स्क्रम दिसत नाही. आणि आपल्याला स्क्रमच बघायचा आहे.

जर्सीचे क्रमांक पाठ नसतील तर एवढं पुरे: १ लूजहेड प्रॉप, २ हुकर, ३ टाइटहेड प्रॉप, ४ आणि ५ लॉक, ६ आणि ७ फ्लँकर, ८ नंबर एट, ९ स्क्रम-हाफ, १० फ्लाय-हाफ, १२ आणि १३ सेंटर, ११ आणि १४ विंगर, १५ फुलबॅक. १ ते ८ फॉरवर्ड, ९ ते १५ बॅक.

१. एक संघ आणि एक तारीख पक्की करा

सहा संघांचे तक्ते एकदम काढायला बसू नका. पहिल्यांदा एकच संघ घ्या. मी नव्या माणसाला दक्षिण आफ्रिका सुचवतो. प्रशिक्षक रासी इरॅस्मस दुसऱ्या फळीचा उघडपणे आणि धाडसाने वापर करतात, त्यामुळे शिकायला भरपूर मिळतं. शिवाय त्यांचे घरचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे रात्री साडेआठ-नऊला सुरू होतात, झोपमोड होत नाही.

तक्त्याच्या डोक्यावर तारीख लिहा. खोली ही त्या आठवड्यापुरती खरी असते. सप्टेंबरमध्ये भक्कम दिसणारी जागा ऑक्टोबरात रिकामी होते, आणि तारीख नसलेल्या तक्त्यावर घातलेले वाद कधी मिटत नाहीत.

२. पंधरा नव्हे, तेवीस जणांपासून सुरुवात करा

कसोटीत १५ खेळाडू सुरुवात करतात आणि ८ बाकावर असतात. या २३ जणांत पहिल्या रांगेत खेळायला प्रशिक्षित असे किमान सहा जण असावेच लागतात, म्हणजे दोन्ही प्रॉप आणि हुकर या तिन्ही जागांना एकेक खरा पर्याय. हा नियम सुरक्षेसाठी आहे. अप्रशिक्षित माणूस स्क्रमच्या दाबाखाली गेला तर मानेला गंभीर इजा होऊ शकते.

हे पर्याय संपले तर काय होतं हे बघायचं असेल तर २७ फेब्रुवारी २०२२ चा डब्लिनमधला आयर्लंड-इटली सामना शोधा. इटलीचा हुकर जानमार्को लुक्केसी दुखापतीने बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या हामे फाइवाला विसाव्या मिनिटाच्या आतच लाल कार्ड मिळालं. तिसरा हुकर नव्हता, म्हणून पंचांनी बिनजोराचे (एकमेकांना न रेटता होणारे) स्क्रम जाहीर केले, आणि नियमानुसार इटलीला आणखी एक खेळाडू कमी करावा लागला. पहिला अर्धा तास व्हायच्या आत तेरा जण उरले. निकाल ५७-६. इटलीचे बाकीचे खेळाडू त्या दिवशी वाईट खेळत होते असं नाही. एक जागा संपली आणि सामना तिथेच संपला.

म्हणून तक्त्यात रांगा १५ (प्रत्येक जागेला एक) असल्या, तरी पहिल्या तीन रांगांत दुसरं नाव लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. जागांना वजन द्या

सगळ्या जागा सारख्या नसतात. माझ्या मते पाच जागा खोली ठरवतात: टाइटहेड प्रॉप, हुकर, लाइनआउटचे (बाहेर गेलेला चेंडू रेषेवरून परत आत फेकतात तेव्हाचे) संकेत ठरवणारा लॉक, स्क्रम-हाफ आणि फ्लाय-हाफ. या पाचांत बदली माणूस कच्चा असला की त्याची झळ पूर्ण संघाला लागते. विंगर कच्चा असेल तर त्या कोपऱ्यात त्रास होतो, तेवढाच.

यातली टाइटहेडची जागा नवा प्रेक्षक हमखास दुर्लक्षित करतो, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घालवू. लूजहेडचा एक खांदा मोकळा असतो. टाइटहेडचं डोकं समोरच्या लूजहेड आणि हुकर यांच्या मधोमध अडकलेलं असतं, दोन्ही खांद्यांवर दाब येतो. स्क्रम स्थिर राहतो तो त्याच्या पाठीवर. हे कसब यायला वर्षं लागतात आणि चांगले टाइटहेड जगात सगळीकडेच कमी आहेत. आयर्लंडचा अँड्र्यू पोर्टर लूजहेडचा टाइटहेड झाला आणि २०२१ मध्ये परत लूजहेडला गेला. दोन्ही बाजूंनी जागतिक दर्जाचं खेळणारे असे प्रॉप अगदी थोडे, त्यामुळे ‘हा प्रॉप आहे, कुठेही चालेल’ असं धरून चालू नका.

आता २ नोव्हेंबर २०१९, योकोहामा, विश्वचषकाचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास टॅकल करताना, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पकडून पाडताना, इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंकलर आपल्याच संघातल्या मारो इटोजेवर आदळला, बेशुद्ध झाला आणि बाहेर गेला. इंग्लंडने त्या स्पर्धेसाठी टाइटहेड दोनच नेले होते. दुसरा डॅन कोल, नव्वदहून जास्त कसोटी खेळलेला. म्हणजे कागदावर पर्याय उत्तम होता. पण योजना होती त्याला शेवटच्या वीस-तीस मिनिटांसाठी आणायची. त्याला सत्त्याहत्तर मिनिटं खेळावं लागलं. समोर आधी टेंडाई म्तावारिरा, आणि दुसऱ्या डावाच्या सुरुवातीलाच ताजातवाना स्टीव्हन किट्सॉफ. स्क्रममध्ये इंग्लंडला एकामागून एक पेनल्टी बसत गेल्या, दक्षिण आफ्रिकेचा हँड्रे पोलार्ड खांबांवर किक मारून त्यांचे गुण करत गेला, आणि दक्षिण आफ्रिका ३२-१२ ने जिंकली.

त्याच सामन्यात पहिल्या पंचवीस मिनिटांत दक्षिण आफ्रिकेचे हुकर बोंगी म्बोनाम्बी आणि लॉक लूड डी यागर हे दोघेही जायबंदी होऊन गेले होते. आत आले माल्कम मार्क्स आणि फ्रांको मोस्टर्ट. काहीच बिघडलं नाही. दोन संघांच्या खोलीतला फरक एकाच सामन्यात इतका स्वच्छ क्वचित दिसतो. हा सामना पूर्ण बघा, आणि बघताना चेंडूवर नजर न ठेवता प्रत्येक स्क्रमच्या आधी तीन नंबरच्या दोन्ही जर्सी शोधा.

४. प्रत्येक जागेखाली तीन नावं, प्रत्येक नावाला रंग

प्रत्येक रांगेत पहिला, दुसरा, तिसरा पर्याय लिहा. मग रंग द्या.

हिरवा: बलाढ्य संघाविरुद्ध, त्याच जागेवर, सुरुवातीपासून खेळून निभावलेला.

पिवळा: त्या जागेवर बाकावरून येऊन खेळलेला, किंवा दुबळ्या संघाविरुद्ध सुरुवात केलेला.

लाल: त्या जागेवर कसोटीत न उतरलेला, किंवा मुळात दुसऱ्या जागेचा.

‘बलाढ्य’ म्हणजे काय याची व्याख्या आधीच ठरवून टाका. जागतिक क्रमवारीतले पहिले आठ, ही सोपी रेघ आहे.

नमुना म्हणून २०२३ च्या विश्वचषकातली दक्षिण आफ्रिकेची हुकरची रांग बघू. स्पर्धेच्या सुरुवातीला पहिला मार्क्स, दुसरा म्बोनाम्बी, दोघेही गडद हिरवे. जगात यापेक्षा भारी जोडी नव्हती. तिसरा डिऑन फूरी. तो पूर्वी हुकर खेळलेला, पण संघात मुख्यतः फ्लँकर म्हणून घेतलेला, त्यामुळे लाल आणि पिवळ्याच्या मधला. स्कॉटलंडविरुद्धच्या पहिल्या सामन्यानंतर सरावात मार्क्सचा गुडघा गेला आणि तो स्पर्धेबाहेर झाला. जोसेफ ड्वेबासारखा खराखुरा हुकर बाहेर उपलब्ध होता. तरी बदली म्हणून बोलावला तो पोलार्ड, म्हणजे फ्लाय-हाफ.

हा निर्णय समजून घेण्यासाठी दहा नंबरची रांग शेजारी ठेवा. पोलार्ड पोटरीच्या दुखापतीमुळे मूळ ३३ जणांच्या संघात नव्हता. मानी लिबॉक हा एकच खरा फ्लाय-हाफ होता, आणि खांबांवर किक मारताना तो अडखळत होता. संघ व्यवस्थापनाने दोन उथळ रांगा तोलल्या आणि दहा नंबरची भरली. उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध पहिल्या डावातच लिबॉकला बाहेर काढून पोलार्डला आणलं, आणि त्याच्या शेवटच्या मिनिटांतल्या लांब पेनल्टीने सामना १६-१५ असा सुटला. अंतिम सामन्यातले सगळे १२ गुण त्याचेच.

पण हुकरची रांग उथळच राहिली होती, आणि २८ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात ते दिसलं. तिसऱ्याच मिनिटाला म्बोनाम्बी गुडघा धरून बाहेर गेला. ३७ वर्षांचा फूरी जवळजवळ पूर्ण सामना हुकर म्हणून खेळला. लाइनआउटमध्ये काय होत होतं ते बारकाईने बघा. हुकरला रेषेबाहेरून चेंडू डोक्यावरून सरळ फेकायचा असतो. उडी मारणारा लॉक दोघांनी उचललेला असताना, हवेतल्या त्याच्या सर्वांत उंच क्षणी चेंडू तिथे पोचला पाहिजे. ही वेळ जुळायला रोजचा सराव लागतो. न्यूझीलंडच्या लॉकनी हे ओळखलं आणि चेंडूसाठी हवेत चढायला सुरुवात केली. दक्षिण आफ्रिकेने आपल्याच फेकीवर अनेकदा चेंडू गमावला. सामना १२-११ ने जिंकला तो बचावावर आणि फूरीच्या टॅकलिंगवर. विश्वविजेत्यांचाही तक्ता हिरवागार नसतो, आणि तुमच्या तक्त्यात ते लपता कामा नये.

५. एक नाव दोनदा मोजू नका

दक्षिण आफ्रिकेचा डॅमियन विलेम्से फुलबॅक, सेंटर आणि फ्लाय-हाफ खेळू शकतो. नवखा माणूस त्याला तिन्ही रांगांत लिहितो आणि तिन्ही भक्कम दिसू लागतात. एका दिवशी तो एकाच जागेवर उभा राहणार आहे. ज्या जागेवर तो सुरुवात करतो तिथेच त्याचं नाव पक्क्या शाईत लिहा. बाकी जागांवर कंसात लिहा, आणि कंसातलं नाव मोजणीत धरू नका.

अष्टपैलू खेळाडूची किंमत यामुळे कमी होत नाही. २६ सप्टेंबर २०१५ ला ट्विकनहॅमवर वेल्सचे बॅक एकापाठोपाठ जायबंदी होत होते. राखीव स्क्रम-हाफ लॉइड विल्यम्सला विंगवर उभं करावं लागलं. त्याने धावता धावता डाव्या पायाने चेंडू मध्ये ढकलला, गॅरेथ डेव्हिसने तो उचलून ट्राय केला आणि वेल्सने इंग्लंडला त्यांच्याच विश्वचषकात २८-२५ ने हरवलं. अविस्मरणीय क्षण आहे तो. पण अशा क्षणावर भरवसा ठेवून तक्ता भरता येत नाही.

६. कॅप्स मोजू नका, मिनिटं मोजा

एखाद्याच्या नावापुढे वीस कॅप्स, म्हणजे खेळलेल्या कसोटी, दिसतात. उघडून बघितलं तर त्यातल्या पंधरा वेळा तो सत्तराव्या मिनिटाला, सामना हातात आल्यावर उतरलेला असतो. म्हणून तीन रकाने करा: सुरुवातीपासून खेळलेल्या कसोटी, ६० व्या मिनिटाआधी आत आलेल्या कसोटी आणि उरलेल्या. पहिल्या दोन रकान्यांत बलाढ्य संघाविरुद्धचे सामने वेगळ्या खुणेने दाखवा.

हे कंटाळवाणं काम आहे आणि बहुतेक जण इथे सोडतात. निदान त्या पाच जागांसाठी तरी करा.

सापळा: दुबळ्या संघाविरुद्ध चाळीस-पन्नास गुणांनी जिंकलेल्या सामन्यातल्या नवख्यांना लगेच हिरवा रंग देण्याचा मोह होतो. जुलै २०२४ मध्ये ब्लूमफाँटेनला दक्षिण आफ्रिकेने पोर्तुगालविरुद्ध नवोदितांचा भरणा केला आणि ६४-२१ ने जिंकले. असे सामने घ्यायलाच हवेत, त्यातून कोण दडपणाखाली शांत राहतो ते कळतं. पण रंग पिवळाच.

७. आता नावं खोडा

खरी परीक्षा इथे आहे. तक्त्याची एक प्रत काढा आणि तीन वेळा खोडाखोड करा.

पहिली वेळ: पाचही महत्त्वाच्या जागांवरचं पहिलं नाव, एका वेळी एक, खोडा. प्रत्येक वेळी पुढे उरलेलं नाव हिरवं आहे का?

दुसरी वेळ: एकाच जागेवरची पहिली दोन नावं खोडा. पिवळं तरी उरतंय का?

तिसरी वेळ: वेगवेगळ्या जागांवरचे पाच मुख्य खेळाडू एकदम खोडा, त्यात कर्णधार आणि फ्लाय-हाफ असलेच पाहिजेत.

दुसरी वेळ अतिशयोक्त वाटत असेल तर २०११ ची न्यूझीलंडची दहा नंबरची रांग आठवा. डॅन कार्टर सरावात किक मारताना जांघेच्या दुखापतीने गेला. कॉलिन स्लेड उपांत्यपूर्व सामन्यात गेला. एरन क्रूडन अंतिम सामन्याच्या पहिल्या डावात गुडघा दुखावून गेला. चौथा स्टीफन डोनाल्ड मूळ संघात नव्हता. बोलावणं आलं तेव्हा तो वायकाटो नदीवर छोटे मासे पकडत होता. फ्रान्सविरुद्ध ईडन पार्कवर त्याने मारलेल्या पेनल्टीने न्यूझीलंड ८-७ असा एका गुणाने विश्वविजेता झाला. चौथा पर्यायही कसोटी खेळलेला होता, म्हणून निभावलं.

तिसऱ्या परीक्षेत नापास झालेला संघ म्हणजे २०१५ चा आयर्लंड. १८ ऑक्टोबरला कार्डिफमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. जॉनी सेक्स्टन, पॉल ओकॉनेल, पीटर ओमाहोनी आणि जॅरेड पेन दुखापतींमुळे नाहीत, शॉन ओब्रायन निलंबित. सुरुवातीच्या पंधरा मिनिटांतच ०-१७. झुंज देत ते २०-२३ पर्यंत आले, पण शेवटच्या टप्प्यात दम संपला आणि ४३-२० ने हरले. ज्यांनी त्या पाच जागा भरल्या ते पहिल्यांदाच इतक्या मोठ्या सामन्यात एकत्र होते.

गुणांची बेरीज करून ‘या संघाला ७८ पैकी ६१’ असलं काही लिहू नका. तीनही परीक्षांत कोणत्या रांगा तुटल्या त्यांची नावं लिहा. दोन रांगा तुटणारा संघ खोल. चार-पाच तुटणारा संघ, त्याची पहिली पंधरा कितीही चमकदार असोत, विश्वचषकाच्या सात सामन्यांत कुठेतरी अडकतो.

८. बाकावरची विभागणी वाचा

आठ राखीव खेळाडूंपैकी फॉरवर्ड किती आणि बॅक किती, यावरून प्रशिक्षकाचा स्वतःच्या खोलीवरचा विश्वास कळतो. ५-३ ही नेहमीची मांडणी. दक्षिण आफ्रिकेने २०१९ च्या विश्वचषकात ६-२ गाजवली. ऑगस्ट २०२३ मध्ये ट्विकनहॅमवर न्यूझीलंडविरुद्ध ऐनवेळी विली ल रू बाहेर झाल्यावर क्वागा स्मिथला घेऊन ७-१ केली आणि ३५-७ ने जिंकले. मग आयर्लंडविरुद्ध आणि अंतिम सामन्यातही ७-१.

नवे प्रेक्षक याकडे बघून ‘केवढी खोली!’ म्हणतात. अर्धं खरं आहे. सात फॉरवर्ड बाकावर ठेवता येणं ही फॉरवर्डमधली श्रीमंती आहे. पण त्या अंतिम सामन्यात बाकावर एकही स्क्रम-हाफ नव्हता. फाफ डी क्लर्कला काही झालं असतं तर नऊ नंबरला मूळचा नऊ नंबर उभा राहिला नसता. गंमत म्हणजे त्याच ३३ मध्ये चार स्क्रम-हाफ होते. संघातली खोली आणि त्या दिवसाच्या तेवीस जणांतली खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या तक्त्यात दोन्हींसाठी वेगळी खूण ठेवा.

९. मागून कोण येतंय ते बघा

इथे देशाची रचना कामाला येते. स्कॉटलंडमध्ये व्यावसायिक संघ दोनच, ग्लासगो आणि एडिंबरो. आयर्लंडमध्ये चार प्रांत. फ्रान्समध्ये वरच्या लीगमध्ये चौदा क्लब आणि खालच्या व्यावसायिक स्तरावर आणखी सोळा. दर आठवड्याला वरच्या दर्जाच्या सामन्यात सुरुवात करणारे फ्रेंच टाइटहेड किती आणि स्कॉटिश किती, हे मोजलं की दहा नंबरला फिन रसेल नसताना स्कॉटलंडची घालमेल का होते याचंही उत्तर मिळतं. फक्त परदेशी खेळाडू वगळायला विसरू नका. क्लबचा पहिला फ्लाय-हाफ परदेशी असेल तर देशी पोरगा बाकावर बसून राहतो, आणि ही अडचण फ्रान्सपासून वेल्सपर्यंत सगळ्यांना आहे.

मग ‘अ’ संघांचे आणि दुय्यम दौरे बघा. आयर्लंडने २०१५ नंतर हे काम मन लावून केलं. २०१७ च्या उन्हाळ्यात अकरा आयरिश खेळाडू ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त संघाबरोबर न्यूझीलंडला गेले होते. त्यांच्याविना आयर्लंड अमेरिका आणि जपानला गेला. जेम्स रायन, अँड्र्यू पोर्टर, जेकब स्टॉकडेल यांनी त्या दौऱ्यात पदार्पण केलं आणि पुढच्या मार्चमध्ये हे तिघे ग्रँड स्लॅम (सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेतले सगळे सामने) जिंकणाऱ्या संघात होते. २०२२ च्या न्यूझीलंड दौऱ्यात तीन कसोटींसोबत माओरी ऑल ब्लॅक्सविरुद्ध (न्यूझीलंडचा माओरी वंशाच्या खेळाडूंचा संघ) दोन जादा सामने मुद्दाम ठेवले गेले, तेही यासाठीच.

कधी कधी सक्तीनेही खोली उघडी पडते. डिसेंबर २०२० मध्ये ऑटम नेशन्स कपच्या अंतिम सामन्यात क्लबांशी झालेल्या करारामुळे फ्रान्सला मुख्य खेळाडू उतरवता आले नाहीत. जवळजवळ दुसरी फळी ट्विकनहॅमवर उतरली, आणि पूर्ण ताकदीच्या इंग्लंडला जादा वेळेत नेऊन २२-१९ ने हरली. फ्रान्स पुढची काही वर्षं कुठे जाणार याचा तो सर्वांत भरवशाचा पुरावा होता, आणि हरलेला सामना म्हणून अनेकांनी त्याकडे बघितलंच नाही.

पात्रतेचा नियमही थोडक्यात माहीत हवा. जन्म, आईवडील किंवा आजीआजोबा, किंवा सलग पाच वर्षं त्या देशाच्या रग्बीत घालवणं, यांपैकी एक आधार लागतो. जानेवारी २०२२ पासून, तीन वर्षं कसोटी न खेळलेला खेळाडू जन्म किंवा वंशाच्या आधारे एकदा देश बदलू शकतो. २०२३ मध्ये टोंगाकडून मालाकाई फेकिटोआ आणि चार्ल्स पियुटाऊ उतरले ते याच वाटेने. बेट-देशांचे तक्ते बनवताना ही वाट तपासल्याशिवाय तिसरं नाव लाल ठरवू नका.

निवड धोरण वेगळं बघा. न्यूझीलंड परदेशी क्लबात खेळणाऱ्याला घेत नाही, इंग्लंड अपवादानेच घेतं, दक्षिण आफ्रिका जपान-फ्रान्समधूनही बोलावते. एखादं नाव तक्त्यात लिहिण्याआधी तो माणूस निवडीस पात्र आहे ना, एवढं बघाच.

१०. कधी अद्ययावत करायचं

वर्षातून तीनदा पुरतं: सिक्स नेशन्स संपल्यावर, जुलैच्या कसोटींनंतर आणि नोव्हेंबरच्या कसोटींनंतर. विश्वचषकाच्या वर्षी संघनिवडीच्या दिवशी एकदा आणि मग दर सामन्यानंतर, कारण एकदा डोक्याला मार लागून कन्कशन निश्चित झालं की तो खेळाडू बहुतेक वेळा पुढचा सामना मुकतो आणि रांग एका पायरीने वर सरकते. वयाचाही रकाना ठेवा. २०२३ च्या उपांत्यपूर्व सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध आयर्लंड २८-२४ ने हरला तेव्हा ३८ वर्षांचा सेक्स्टन अखेरपर्यंत मैदानात होता. त्यानंतर तो निवृत्त झाला आणि दहा नंबरची रांग एका रात्रीत बदलली.

पुढचा विश्वचषक १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२७ असा ऑस्ट्रेलियात आहे, पहिल्यांदाच २४ संघांचा. आज एका संघाचा तक्ता सुरू केलात तर तोपर्यंत त्यात बऱ्याच कसोटींची मिनिटं भरली जातील. सुरुवात तीन नंबरच्या रांगेपासून करा.